हाताला काम, कामाला मान

दहावी-बारावीचे निकाल लागले की सांगली-मिरजेकडच्या घराघरांत एकच प्रश्न निघतो : आता पुढे काय? उत्तरेही ठरलेल्या क्रमाने येतात. गुण भरपूर असतील तर सायन्स, मग डॉक्टर किंवा इंजिनिअर. थोडे कमी असतील तर कॉमर्स. त्याहून कमी असतील तर आर्ट्स. आणि सर्वांत शेवटी, आवाज जरा खाली आणून, घरातले कोणी वडीलधारे म्हणतात, "नाहीच काही जमलं तर आय.टी.आय.ला घाला त्याला."

या लेखात आम्ही 'नाहीच काही जमलं तर' या चार शब्दांचा विचार करणार आहोत. वरवर पाहता हा विषय नोकऱ्यांचा आणि सरकारी योजनांचा आहे. आमच्या मते तो त्याआधी नीतीचा विषय आहे. ज्या कामांवाचून आपला एक दिवसही सरत नाही, ती कामे शिकणाऱ्या मुलाकडे आपण कोणत्या नजरेने पाहतो? आणि तरुणांना 'काहीतरी हुन्नर शिका' असा उपदेश करणाऱ्या समाजावर त्या तरुणांची काही जबाबदारी येते की नाही?

आधी परिस्थिती पाहू. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने २०२४ साली भारतातील रोजगाराविषयी एक अहवाल प्रसिद्ध केला. त्यातील २०२२ च्या आकड्यांनुसार पदवीधर तरुणांमध्ये बेकारीचे प्रमाण २९.१ टक्के होते. ज्यांना लिहिता-वाचता येत नाही अशा तरुणांमध्ये ते ३.४ टक्के होते. म्हणजे पदवीधरांतील बेकारी जवळजवळ नऊपट! यावरून 'शिकून काही उपयोग नाही' असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. निरक्षर मुलाला रिकामे बसणे परवडतच नाही. मिळेल ते काम, मिळेल त्या मजुरीवर तो करतो. पदवीधर मुलगा थांबतो, कारण त्याच्या पदवीसाठी घरच्यांनी कर्ज काढलेले असते, कुणी रानाचा तुकडा विकलेला असतो. एवढे करून पुन्हा मजुरीलाच जायचे, हे त्याच्या आणि त्याच्या आईवडिलांच्या मनाला पटत नाही. त्यामुळे स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासिका भरलेल्या राहतात आणि वयाची पंचविशी, सव्विशी उलटून जाते.

आता दुसरा आकडा. केंद्र सरकारच्या २०२३-२४ च्या आर्थिक पाहणीनुसार १५ ते २९ वयोगटातील केवळ ४.४ टक्के तरुणांनी एखाद्या व्यवसायाचे रीतसर प्रशिक्षण घेतले होते. आणखी १६.६ टक्के तरुण घरी, दुकानात किंवा कामावर बघून बघून शिकले होते. उरलेल्या बहुसंख्य मुलामुलींना कोणीही कोणतेच काम हाताला धरून शिकवलेले नव्हते. एकीकडे नळाची गळती थांबवायला माणूस मिळत नाही म्हणून आपण चार दिवस वाट पाहतो, आणि दुसरीकडे त्याच गल्लीतला पदवीधर मुलगा दिवसभर मोबाइल पाहत बसलेला असतो. या दोन गोष्टी शेजारी शेजारी नांदत आहेत.

हे कसे घडले, हे समजून घेताना आपल्याच जिल्ह्याच्या इतिहासाकडे वळावे लागते. वसंतदादा पाटील सांगलीचे. त्यांचे स्वतःचे शालेय शिक्षण फार झाले नव्हते, पण शिक्षणाचे मोल ते जाणून होते. मुख्यमंत्री असताना १९८३ मध्ये त्यांनी विनाअनुदानित तत्त्वावर इंजिनिअरिंग कॉलेजांना परवानगी दिली. तोपर्यंत आपल्याकडची मुले अशा शिक्षणासाठी पैसे मोजून शेजारच्या कर्नाटकात जात असत. दादांच्या निर्णयाने हजारो शेतकऱ्यांच्या घरांत पहिला इंजिनिअर जन्माला आला. हे मोठे काम होते, आणि ते मान्य केलेच पाहिजे. पण कॉलेजे वाढत गेली तसे पदवीचे रूप बदलत गेले. काम शिकण्यापेक्षा दारावर पाटी लावण्यासाठी पदवी, असे अनेक घरांत झाले. २०१० नंतरच्या दशकात राज्यात इंजिनिअरिंगच्या हजारो जागा दरवर्षी रिकाम्या राहू लागल्या आणि काही कॉलेजांना टाळे लागले. पदवी होती, पण हाताला सवय नव्हती आणि कारखान्यात जागाही नव्हती.

याच जिल्ह्याने त्याच्या कितीतरी आधी वेगळा अनुभव घेतला आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांचे नाव सर्वांना ठाऊक आहे. चित्रकार व्हावे म्हणून ते मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये गेले. पण काही रंग ओळखण्यात डोळे दगा देतात असे दिसून आल्यावर ते यंत्रांच्या आरेखनाकडे वळले. पुढे मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये त्यांनी शिकवले, बेळगावात सायकलींचे दुकान चालवले आणि लोखंडी नांगर तयार केला. लोखंडाने जमीन नासते, अशी त्या काळी शेतकऱ्यांची समजूत होती, त्यामुळे सुरुवातीला नांगर खपेनात. १९१० साली औंधच्या राजेसाहेबांनी दिलेल्या कुंडलजवळच्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. त्या निवडुंगाच्या माळावर कोणी प्रमाणपत्रे घेऊन आले नव्हते. आसपासच्या खेड्यांतील माणसे आली आणि ओतकाम, लेथकाम, सुतारकाम तिथेच शिकली. शिक्षा भोगून आलेल्या माणसांवरही लक्ष्मणरावांनी रखवालीचे काम सोपवले, हे आवर्जून सांगितले जाते. पुढे १९३९ च्या सुमारास याच औंध संस्थानात, आटपाडीजवळ स्वतंत्रपूरची खुली वसाहत सुरू झाली आणि कैद्यांना भिंतीशिवाय, शेतीच्या कामातून माणसांत आणण्याचा प्रयोग झाला. एखाद्याला काम शिकवणे म्हणजे त्याच्यावर विश्वास टाकणे, हे या दोन्ही ठिकाणी दिसते. अवजार हातात देणारा मनुष्य न बोलता सांगत असतो : तुझ्याकडून हे होईल.

मिरजेचे उदाहरण आणखी जुने आहे. येथील शिकलगार मंडळी तलवारी, भाल्यांना धार आणि झिलई देण्याचे काम करीत. राजेरजवाड्यांच्या लढाया संपल्या तशी शस्त्रांची मागणी सरली. त्या घराण्यांतून फरीदसाहेब सितारमेकर आणि त्यांच्या पिढ्या पुढे आल्या आणि धातूवर बसलेला हात लाकडावर, भोपळ्यावर आणि तारांवर फिरू लागला. पंढरपूर-मंगळवेढ्याच्या भागातून येणारे भोपळे वाळवायचे, कापायचे, त्यांवर तुणाच्या लाकडाची दांडी जोडायची, आणि शेवटी जवारी काढायची. जवारी म्हणजे घोडीचा पृष्ठभाग इतका नेमका घासायचा की तार छेडल्यावर सूर भरून यावा. हे काम पुस्तकात वाचून येत नाही. कान तयार व्हावा लागतो आणि त्याला वर्षे जातात. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. आनंदाची गोष्ट आहे. तरीही सतार घडवणाऱ्याच्या मुलाने हे काम पुढे का करावे, याचे उत्तर मानांकनाच्या कागदात नाही. ते त्याला मिळणाऱ्या दामात आणि मानात आहे.

तिसरे उदाहरण विटा, खानापूर, आटपाडीकडच्या गलाईवाल्यांचे. पावसाने पाठ फिरवलेल्या या भागातील माणसे गेल्या कित्येक दशकांपासून देशभर पांगली. केरळपासून पंजाबपर्यंत जिथे सराफ बाजार आहे, तिथे सोने-चांदी गाळणारा, शुद्ध करणारा आपल्याकडचा माणूस भेटतो. पंधरा-सोळा वर्षांचा पोरगा मामाबरोबर किंवा चुलत्याबरोबर रेल्वेत बसतो. आधी स्वयंपाक, झाडलोट. मग भट्टी सांभाळणे. मग मुशीतले सोने किती तापले हे रंगावरून ओळखणे. चार-पाच वर्षांत तो कारागीर होतो आणि पुढे मामाच्याच मदतीने दुसऱ्या गावी स्वतःचे दुकान टाकतो. कोणतीही योजना नाही, वर्ग नाही, प्रमाणपत्र नाही. तरीही या मार्गाने अनेक दुष्काळी गावांत पक्की घरे उभी राहिली.

या यशाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. ही वाट फक्त ज्याला मामा आहे त्याच्यासाठी उघडी आहे. ज्याचे त्या धंद्यात कोणी नाही, त्याला भट्टीजवळ कोण उभे करणार? मुलींसाठी तर ती जवळपास बंदच आहे. लहान वयात शाळा सुटते. ॲसिडचा धूर छातीत जातो, आणि त्याची नोंद कुठे होत नाही. मालक नात्यातला असल्याने पगार विचारायची सोय नसते.

नेमक्या याच ठिकाणी आय.टी.आय.चे मोल कळते. १९५० साली देशात कारागीर प्रशिक्षणाची योजना सुरू झाली. आज महाराष्ट्रात चारशेहून अधिक शासकीय आय.टी.आय. आहेत. फी अल्प आहे, राखीव जागा आहेत, मुलींना प्रवेश आहे. सुतारकाम शिकायला आता सुताराच्या घरी जन्म घ्यावा लागत नाही. शेकडो वर्षे जे हुन्नर जन्माने वाटले गेले, ते या संस्थांनी अर्जाने वाटायला सुरुवात केली. आपल्या समाजाच्या दृष्टीने ही साधी गोष्ट नव्हे. पण तिथून बाहेर पडणाऱ्या मुलाकडे प्रमाणपत्र असते आणि मामा नसतो. त्याच्यासाठी शब्द टाकणारा, पहिले काम मिळवून देणारा, पहिल्या चुकीला सांभाळून घेणारा कोणी नसतो. एका वाटेवर गुरू आहे आणि दार बंद आहे. दुसऱ्या वाटेवर दार उघडे आहे आणि गुरू नाही. बेकारीच्या प्रश्नाचा मोठा भाग या दोन वाटांच्या मधल्या रिकाम्या जागेत पडलेला आहे, असे आम्हांला वाटते.

येथे एक आक्षेप घेतला जातो आणि तो गंभीर आहे. 'हुन्नर शिका' हा उपदेश गरिबांच्याच मुलांना का? ज्यांच्या घरात तीन पिढ्या पदव्या आहेत, ते स्वतःच्या मुलाला परदेशी पाठवतात आणि कामवाल्या बाईच्या मुलाला वायरिंगचा कोर्स सुचवतात. ज्या समाजांना पिढ्यान्‌पिढ्या 'तुम्ही हाताने राबा, अक्षराच्या वाटेला जाऊ नका' असे सांगितले गेले, त्यांना या उपदेशात जुनाच आवाज ऐकू आला तर नवल नाही. ७ नोव्हेंबर १९०० या दिवशी साताऱ्याच्या शाळेत एका लहान मुलाचे नाव दाखल झाले. वर्गात त्याला इतरांपासून वेगळे बसावे लागे. तो मुलगा म्हणजे डॉ. बाबासाहेब आंबेडकर. त्या दिवशी एखाद्या हितचिंतकाने त्यांच्या वडिलांना सांगितले असते की कशाला एवढे शिकवता, एखादे लहानसे हुन्नर शिकवा, पोट भरेल, तर तो सल्ला व्यवहारी ठरला असता. पण देशाची किती हानी झाली असती! म्हणून कौशल्य-शिक्षणाच्या बाजूने बोलणाऱ्याने ही गोष्ट कधीही विसरू नये. तोच सल्ला एका मुलाला उभे करतो आणि दुसऱ्याभोवती कुंपण घालतो.

मग योग्य सल्ला आणि कुंपण यांत फरक कसा करायचा? आमच्या मते तीन कसोट्या लावून पाहाव्यात. पहिली, मुलाने ते काम स्वतः निवडले आहे का, की गुण कमी पडले म्हणून त्याला तिथे ढकलले? दुसरी, त्या कामातून वर जाण्याची शिडी आहे का? आय.टी.आय. झालेल्याला पुढे डिप्लोमा, मग पदवी, मग स्वतःचे वर्कशॉप, असा रस्ता खुला राहतो का? आणि तिसरी, सर्वांत कठीण : सल्ला देणारा तोच सल्ला आपल्या पोटच्या मुलाला देईल का?

कर्मवीर भाऊराव पाटील यांनी या तिसऱ्या कसोटीचे उत्तर आपल्या संस्थेतच देऊन ठेवले. त्यांचे घराणे वाळवा तालुक्यातील ऐतवडे बुद्रुकचे. तरुणपणी त्यांनी किर्लोस्करांच्या नांगरांचा प्रचार करीत गावोगाव पायपीट केली. १९१९ साली कराडजवळच्या काले गावी त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि पुढे साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांसाठी एकत्र वसतिगृह चालवले. तिथे सगळ्यांनीच राबायचे असा रिवाज होता. मराठ्याच्या मुलाने, महाराच्या मुलाने, मुसलमानाच्या मुलाने, जैनाच्या मुलाने एकत्र शेतात काम करायचे, एकत्र जेवायचे आणि एकत्र अभ्यास करायचा. 'कमवा आणि शिका' ही योजना याच विचारातून आली. कर्मवीरांनी कुदळ आणि पुस्तक यांतले एक निवडायला सांगितले नाही. दोन्ही प्रत्येकाच्या हातात दिले. कुदळ सर्वांच्याच हातात आली तेव्हा ती कमीपणाची खूण राहिली नाही. श्रमप्रतिष्ठेवर शंभर भाषणे देऊन जे साधत नाही, ते एका वसतिगृहाच्या दिनक्रमाने साधले.

ख्रिस्ती मनाला हे परके वाटू नये. प्रभू येशूच्या आयुष्यातील बहुतेक वर्षे नाझरेथच्या सुताराच्या घरी गेली. पोप बारावे पायस यांनी १९५५ साली १ मे हा दिवस कामगार संत योसेफ यांचा सण म्हणून ठरवून दिला. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८१ च्या आपल्या परिपत्रकात मानवी श्रमाचाच विषय घेतला. कामाचे मोल ते करणारा मनुष्य आहे यावरून ठरते, काम कोणत्या प्रकारचे आहे यावरून नव्हे, असा त्यातील विचाराचा आशय आहे. सुताराच्या पुतळ्यापुढे मेणबत्ती लावायची आणि घरी आलेल्या सुताराला पायरीवर बसवायचे, या दोन गोष्टी एकत्र बसत नाहीत.

संत जॉन बॉस्को यांच्या कार्यातील एक गोष्ट येथे सांगण्यासारखी आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर इटलीतील तुरीन शहरात खेड्यांतून मुले कामासाठी येत. कारागीर त्यांना शिकाऊ म्हणून ठेवून घेत, आणि शिकवण्याऐवजी घरची धुणीभांडी, निरोप पोचवणे असली कामे करून घेत, मारहाणही करीत. डॉन बॉस्को यांनी केवळ उपदेश केला नाही. त्यांनी मालकाशी कागद केला. १८५२ सालचा असा एक करार आजही जपून ठेवलेला आहे. मालकाने मुलाला धंदा नीट शिकवावा, धंद्याशी संबंध नसलेली कामे सांगू नयेत, चूक झाल्यास शब्दांनी समज द्यावी पण हात उगारू नये, सणावारी सुटी द्यावी, मजुरी ठरल्याप्रमाणे द्यावी, अशा अटी त्यात आहेत. मालक, मुलगा, मुलाचे वडील यांच्याबरोबर डॉन बॉस्को यांचीही सही आहे. त्या अनोळखी मुलाच्या मागे एक मनुष्य उभा राहिला, असा त्या सहीचा अर्थ होतो.

आपल्या देशातही १९६१ चा शिकाऊ उमेदवार कायदा आहे. तरीही 'ॲप्रेंटिस' म्हणून घेतलेल्या मुलाला वर्षभर चहा आणायला आणि माल उचलायला लावणारी ठिकाणे प्रत्येकाच्या पाहण्यातली आहेत. शिकवण्याच्या नावाखाली स्वस्त मजूर मिळवणे ही फसवणूक आहे. ती एका माणसाने केली काय किंवा एखाद्या मोठ्या व्यवस्थेने केली काय, तिचे नाव बदलत नाही.

सरकारी योजनांकडेही याच नजरेने पाहावे. महाराष्ट्र सरकारने २०२४ मध्ये मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आणली. बारावी झालेल्यांना दरमहा ६ हजार, आय.टी.आय. किंवा पदविका झालेल्यांना ८ हजार आणि पदवीधरांना १० हजार रुपये विद्यावेतन, आणि सहा महिने प्रत्यक्ष कामाचा अनुभव, असे तिचे स्वरूप होते. पुढे मुदत वाढवण्यात आली. अनेक तरुणांना पहिल्यांदाच कार्यालयाचा, शाळेचा, कारखान्याचा अनुभव मिळाला, हे चांगले झाले. पण मुदत संपल्यावर हेच तरुण 'आम्हांला कामावर ठेवा' म्हणून आंदोलनाला उतरले. त्यांना हावरट म्हणणे सोपे आहे. पण सहा महिने रोज सकाळी डबा घेऊन कामाला गेलेल्या मुलाला सातव्या महिन्यात घरी बसताना काय वाटत असेल, याचा विचार केला पाहिजे. प्रशिक्षण हे एक वचन असते. ते देताना पुढच्या दिवसाचा विचार केला नसेल, तर ते वचन अर्धेच राहते. विद्यावेतनाच्या त्या पायऱ्यांमध्येही समाजाचे मन दिसते : हातात हुन्नर असलेल्याला पदवीधरापेक्षा दोन हजार कमी. हा भेद कुणाला खटकला नाही, इतका तो आपल्या अंगवळणी पडला आहे.

मुलींविषयी स्वतंत्रपणे बोलले पाहिजे. मुलींचे कौशल्य म्हटले की शिवणक्लास आणि ब्यूटी पार्लर एवढ्यावर आपली कल्पना थांबते. ही कामे वाईट नाहीत. पण एका गावात तीस मुली ब्लाऊज शिवायला शिकल्या तर ब्लाऊज शिवून घेणार कोण? सातारा जिल्ह्यातील म्हसवडचा अनुभव डोळे उघडणारा आहे. चेतना गाला सिन्हा यांच्या पुढाकाराने माण तालुक्यातील बायकांनी स्वतःची बँक काढायचे ठरवले. अर्ज केला तेव्हा बऱ्याच जणींचे अंगठे होते, म्हणून रिझर्व्ह बँकेने नकार दिला. बायका हताश होऊन घरी बसल्या नाहीत. त्या लिहायला-वाचायला शिकू लागल्या, पुन्हा मुंबईला गेल्या आणि अधिकाऱ्यांना म्हणाल्या की आम्हांला वाचता येत नसेल, पण हिशेब येतो, व्याज काढायला सांगा, तुमच्याआधी सांगू. १९९७ साली माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली आणि पुढे ग्रामीण बायकांसाठी व्यवसायाचे शिक्षण देणारी शाळाही निघाली. ज्यांना आपण अडाणी समजतो, त्यांच्यापाशी कौशल्य आधीच असते. पुष्कळदा उणीव असते ती त्यांना ओळखणाऱ्याची, भांडवलाची आणि बाजाराची. म्हणून केवळ 'तरुणांकडे कौशल्य नाही' असे म्हणून मोकळे होणे योग्य नाही. कारखाने कमी, कर्ज मिळेना, कामाला भाव नाही, अशा स्थितीत नुसते वर्ग काढत राहिलो तर बेकारीचे ओझे बेकारावरच टाकल्यासारखे होईल.

जगात इतरत्र काय चालले आहे? जर्मनीत तरुण आठवड्यातील बहुतेक दिवस कारखान्यात आणि एक-दोन दिवस शाळेत, अशा जोड पद्धतीने शिकतात. शिकत असतानाच त्यांना वेतन मिळते, आणि उस्ताद कारागिराला समाजात मोठा मान असतो. त्याच जर्मनीतील बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्याला आज माणसे कमी पडत आहेत, आणि २०२४ मध्ये महाराष्ट्राने त्या राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला. परिचारिका, इलेक्ट्रिशियन, चालक यांना तिकडे बोलावणे आहे. ज्या कामासाठी परदेशात भाषा शिकवून, हवे आहात म्हणून नेले जाते, त्याच कामासाठी गावात मुलाला खाली मान घालावी लागते, हा विरोधाभास आपण कधीतरी नीट पाहिला पाहिजे.

आणि हा विरोधाभास सर्वांत स्पष्ट दिसतो तो लग्न ठरवताना. पंधरा हजारांची का होईना, ऑफिसातली नोकरी असलेला मुलगा पसंत पडतो. स्वतःचे गॅरेज चालवून त्याच्या दुप्पट मिळवणारा मुलगा 'हात काळे करणारा' ठरतो. शेतकऱ्याच्या मुलाची गोष्ट तर बोलायलाच नको. मुलगी देणाऱ्या आईवडिलांचीही बाजू आहे. नोकरीत पेन्शन असते, आजारपणात रजा असते, आणि गॅरेजवाल्याचा हात मोडला तर चूल थांबते. म्हणजे कामाला मान द्या असे नुसते सांगून भागणार नाही. कारागिराच्या म्हातारपणाची आणि आजारपणाची सोय झाली तरच त्याच्या कामाचा मान टिकेल. मान आणि सुरक्षितता यांची फारकत करता येत नाही.

मग आपल्यासारख्या साध्या माणसांनी काय करावे? सरकारने करायची कामे सरकारने करावीत आणि त्यासाठी आपण आग्रह धरावा. पण काही गोष्टी आपल्या हातात आहेत. निकालाच्या दिवसांत मुलांना आय.टी.आय., वर्कशॉप, रुग्णालय, द्राक्षबाग, सतारीचे दुकान अशा ठिकाणी नेऊन आणावे आणि हा पर्याय यादीत शेवटी न ठेवता इतरांच्या बरोबरीने ठेवावा. ज्यांचे स्वतःचे दुकान, गॅरेज, प्रेस किंवा कार्यालय आहे, त्यांनी नात्याबाहेरचे एक तरी मूल शिकायला घ्यावे, आणि काय शिकवणार, किती दिवस, किती पैसे, हे कागदावर लिहावे. निवृत्त झालेले फिटर, वायरमन, परिचारिका, हिशेबनीस आपल्या धर्मग्रामांत आहेत. त्यांच्याकडे चाळीस-चाळीस वर्षांचा अनुभव पडून आहे. आठवड्यातून दोन तास त्यांनी दिले तर एखाद्या प्रमाणपत्रधारकाला गुरू मिळेल. एखादा वर्ग भरवला तर त्याच्या समारोपाच्या फोटोवर समाधान मानू नये. सहा महिन्यांनी प्रत्येक मुलाला विचारावे : काम लागले का? किती मिळतात? लागले नसेल तर का?

आणि एक अगदी लहान गोष्ट. घरी काम करायला आलेल्या माणसाशी घासाघीस करताना क्षणभर थांबावे. डॉक्टरांच्या फीमध्ये आपण दोन रुपयेही कमी करायला सांगत नाही. मग भर उन्हात पत्र्यावर चढून काम करणाऱ्याचे पन्नास रुपये का कापतो? त्याला खुर्ची द्यावी, आपल्या पेल्यातले पाणी द्यावे, त्याचे नाव विचारून नावाने हाक मारावी. घरातली मुले हे सगळे पाहत असतात. कोणते काम मोठे आणि कोणते हलके, हे ती पाठ्यपुस्तकातून शिकत नाहीत. आपण दारात उभ्या असलेल्या माणसाशी कसे बोलतो, त्यावरून शिकतात.

'नाहीच काही जमलं तर' हे शब्द आपल्या घरांतून एकाएकी जाणार नाहीत. पण यंदाच्या निकालानंतर एखाद्या घरात वडिलांनी मुलाला किंवा मुलीला जवळ बसवून, 'तुला काय करायला आवडतं? कुणाकडे शिकशील? चल, आपण जाऊन भेटू,' असे विचारले, तर सुरुवात झाली असे म्हणता येईल. त्या मुलाला शिकवणारा माणूस मात्र कुणीतरी व्हावे लागेल. तो कुठून यायचा, याचे उत्तर शोधायला फार लांब जाण्याची गरज नाही. रविवारी चर्चमध्ये आपल्या पुढे-मागे बसणाऱ्यांत तो असण्याची शक्यता आहे.